नाशिकमध्ये लिव्हरचा डॉक्टर राहून संशोधन जमतं का?

प्रश्न थोडक्यात असा : दिल्लीत डीएम हेपॅटॉलॉजी (लिव्हरच्या आजारांची सुपरस्पेशालिटी) संपत आलंय, घर नाशिकला, इथल्याच एका खासगी रुग्णालयात रुजू व्हायचं जवळपास ठरलंय. गाईडचं म्हणणं, "तिकडे गेलास की पेपर लिहिणं विसर." ओपीडी, एंडोस्कोपी, आयसीयू सांभाळून संशोधन करता येतं का, आणि करायचं तर सुरुवात कुठून?

करता येतं. मी इथे बरीच वर्षं दोन्ही करतोय. मात्र दिल्लीत जे करत होतात त्याचीच छोटी आवृत्ती इथे काढायला गेलात, तर वर्षभरात हात टेकाल. तिथे फेलो असतात, रिसर्च नर्स असते, सॅम्पल ठेवायला डीप फ्रीजर असतो. इथे सकाळी राउंड, मग स्कोपीची यादी, दुपारपासून ओपीडी, आणि मध्येच मालेगावहून फोन, की रक्ताची उलटी झालेला पेशंट निघालाय. नव्या बायोमार्करचा अभ्यास या धबडग्यात होत नाही, आणि न झाल्याने काही अडतही नाही. इथल्या पेशंटमुळे जे प्रश्न पडतात ते दिल्लीत सहसा कुणाला पडत नाहीत, आणि त्यांना लागणारी बहुतेक माहिती साध्या केस पेपरवर मावते. म्हणून माझं सांगणं एवढंच : रोज ओपीडीत जिथे अडतं तो प्रश्न धरा, आणि त्याला लागणारी नोंद पेशंट समोर असतानाच करा. रात्री घरी बसून आठवून भरलेला डेटा कामाचा नसतो.

हे तुमचं मन राखायला म्हणत नाही. आपल्या विषयातलं महाराष्ट्रातलं एक मोठं काम असंच झालंय. पूर्वी लहान मुलांमध्ये इंडियन चाइल्डहूड सिरोसिस नावाचा आजार होता. दीड-दोन वर्षांचं मूल, पोट फुगलेलं, लिव्हर टणक, आणि बहुतेक वेळा थोड्याच काळात शेवट. लिव्हरमध्ये तांबं खच्चून भरलेलं दिसायचं. ते येतं कुठून, हा वाद होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर आयांना खोदून खोदून विचारलं : वरचं दूध कधी सुरू केलं, कशात तापवलं, कशात ठेवलं? आजारी मुलं आणि त्यांच्याच वयाची निरोगी मुलं शेजारी ठेवून तुलना केली. १९८३ आणि १९८७ मध्ये छापून आलेल्या या कामातून बोट गेलं ते बिनकल्हईच्या पितळी भांड्यांकडे. तांबं दुधातल्या केसीनला चिकटून बाळाच्या पोटात जात होतं. पुढे घरोघरी स्टील आलं आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. भांडी बाजारातून जाताना मला हे हमखास आठवतं. त्या कामात तांबं मोजणारी प्रयोगशाळा होतीच, पण वळण दिलं ते नीट घेतलेल्या हिस्टरीने.

दुसरं उदाहरण काश्मीरचं. १९७८ मध्ये खोऱ्यात काविळीची मोठी साथ आली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू तिथेच काम करत होते. त्यांनी गावांत जाऊन रुग्ण मोजले, गरोदर बायका जास्त दगावतात हे टिपलं, आणि ही कावीळ ए नाही, बीही नाही, हे १९८० मध्ये मांडलं. आज आपण तिला हिपॅटायटिस ई म्हणतो.

आता नोंदीकडे येऊ. रुजू झालात की तिथले जुने केस पेपर काढून दारूचा रकाना बघा. 'ऑकेजनल', 'क्रॉनिक', नाहीतर नुसतं अधिकचं चिन्ह. यावर काही उभं राहत नाही. २०२३ मध्ये फॅटी लिव्हरचं नाव आणि वर्गीकरण बदललं. शुगर-वजनाचा दोष आणि दारू, दोन्ही असलेल्यांचा मेट-एएलडी हा वेगळा गट झाला, आणि त्याच्या सीमा ग्रॅममध्ये आहेत : पुरुषांसाठी दिवसाला ३० ते ६० ग्रॅम अल्कोहोल, बायकांसाठी २० ते ५०. आपला पेशंट काही ग्रॅममध्ये पीत नाही. तो म्हणतो, "कधीतरी घेतो साहेब, मित्र बसले की." मित्र आठवड्यातून कितीदा बसतात? "तसे रोजच भेटतात." किती घेता? "नाइन्टी." यावर शेजारून बायको : "नाइन्टी बाहेर. घरी आल्यावरची वेगळी." झाली क्वार्टर. १८० मिलिलिटर, ४२.८ टक्के, घनतेचा हिशेब धरला की साधारण ६० ग्रॅम. 'कधीतरी'वाला माणूस थेट वरच्या सीमेवर. या संभाषणाला दोन मिनिटं लागतात आणि ते उपचारांसाठीही लागतंच. मी चार गोष्टी लिहितो : काय, किती मिली, आठवड्यातले किती दिवस, शेवटचं कधी. हातभट्टीची किंवा मोहाची असेल तर टक्केवारी कुणालाच ठाऊक नसते. तिथे ग्रॅम काढल्याचा आव आणू नये. 'मोहाची, दोन ग्लास, रोज' असंच लिहावं. आणि हो, बायकोला किंवा आईला आत बसवूनच विचारा.

तपासण्यांचंही तेच. फिब-फोर, म्हणजे लिव्हरमध्ये किती व्रण पडलेत त्याचा रक्ततपासणीवरून काढलेला अंदाज, तुम्हाला पाठच असेल : वय गुणिले एसजीओटी (ही आणि एसजीपीटी लिव्हरची एन्झाइम्स), त्याला भागायचं हजारातल्या प्लेटलेट आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने. समजा सातपूरचा ५२ वर्षांचा कामगार, एसजीओटी ६८, एसजीपीटी ६१, प्लेटलेट १ लाख ४२ हजार. आकडा येतो ३.२ च्या आसपास, म्हणजे २.६७ या धोक्याच्या रेषेच्या बराच वर, म्हणजे फायब्रोस्कॅन (लिव्हरचा टणकपणा मोजणारी तपासणी) लांबवता येणार नाही. पण चेकअपच्या कितीतरी रिपोर्टांत एसजीपीटी असते आणि एसजीओटी नसते. जुन्या रिपोर्टांवरून अभ्यास करायला बसलात की निम्मे पेशंट इथेच गळतात, आणि जे उरतात ते कुणाला तरी आधीच संशय आला म्हणून जास्त तपासण्या झालेले असतात. त्यामुळे सातपूर-अंबडच्या कामगारांतलं फॅटी लिव्हर, हा विषय कितीही मोहात पाडणारा असला तरी तो मागे वळून करायचा नाही. चेकअप करणाऱ्या लॅबशी बोलून एसजीओटी आणि प्लेटलेट जोडून घ्या आणि मग पुढे मोजा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये फॅटी लिव्हर असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलंय, तेव्हा असे आकडे हवे आहेत.

एका प्रश्नावर जरा थांबतो, कारण संशोधन आणि उपचार एकमेकांत किती गुंतलेत हे त्यात दिसतं. उंदीर मारायच्या पेस्टमधल्या पिवळ्या फॉस्फरसची विषबाधा. तुम्हाला इथे ती पाहावी लागेलच, आणि पेशंट बहुतेक तरुण असतील. पहिले एक-दोन दिवस माणूस ठणठणीत दिसतो, नातेवाईक डिस्चार्ज मागतात. मग आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर होतो ते सांगणारा आकडा) चढायला लागतो, कावीळ दिसते, आणि काही जण झपाट्याने लिव्हर फेल्युअरमध्ये जातात. उतारा नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून प्लाझ्मा एक्स्चेंजवर, म्हणजे रक्तातला द्रव भाग बदलण्यावर, काम प्रसिद्ध झालंय. आपल्यापुढचा खरा पेच वेगळा असतो : कुणाला, आणि कोणत्या तासाला, ट्रान्सप्लांटची सोय असलेल्या मुंबईच्या रुग्णालयात पाठवायचं? फार लवकर पाठवलं तर आपोआप बरा होणारा पेशंट घरदार गहाण टाकून मुंबईला जातो. उशीर झाला तर मेंदूला सूज आलेला पेशंट कसारा घाटात अँब्युलन्समध्ये असतो. ट्रान्सप्लांट कुणाला लागेल हे सांगणारे लंडनचे किंग्ज कॉलेजचे निकष १९८९ चे, पॅरासिटामॉल आणि तिथे दिसणाऱ्या इतर कारणांवरून बेतलेले, म्हणून इथे ते जसेच्या तसे धरता येत नाहीत.

आता कुणी सहज म्हणेल, जुने पेशंट काढू, पाठवलेले आणि न पाठवलेले यांची तुलना करू. आकडे बहुधा सांगतील की पाठवलेल्यांत जास्त जगले. त्यावर विश्वास ठेवू नका. ज्यांना व्हेंटिलेटरवरून हलवणंच शक्य नव्हतं ते 'न पाठवलेले'. ज्यांच्याकडे पैसे नव्हते तेही 'न पाठवलेले'. आणि निर्णय होण्याआधीच जे गेले तेही त्याच खात्यात. पाठवला जाण्यासाठी पेशंटला तोवर जगावं तर लागतंच, म्हणजे त्या गटाला सुरुवातीचं आयुष्य फुकटात मिळालेलं असतं. उलट बाजूने, जे सौम्य होते तेही पाठवले गेले नाहीत, आणि ते आकडा दुसरीकडे ओढतात. यातून मार्ग एकच. सगळ्यांचं घड्याळ एकाच क्षणापासून सुरू करा, उदाहरणार्थ आयएनआर पहिल्यांदा १.५ च्या वर गेला तो तास. खाल्ल्याची वेळ, दर बारा तासांनी आयएनआर, शुद्धीची ग्रेड. आणि न पाठवण्याचं कारण त्याच दिवशी लिहा : पैसे, प्रकृती, नातेवाईकांचा नकार, बेड नाही. सहा महिन्यांनी हे कारण कुणालाही आठवत नाही, फाइलमध्ये नुसतं 'मॅनेज्ड कन्झर्व्हेटिव्हली' (इथेच औषधांवर ठेवलं) असतं. गंमत म्हणजे (गंमत कसली) हे कारण लिहायची सवय लागली की निर्णयही सुधारतो, कारण 'बेड नाही' लिहिताना माणूस आणखी एक फोन करून बघतो.

एका रुग्णालयात यासाठी पुरेसे पेशंट जमणार नाहीत. धुळे, जळगाव, नगरच्या आयसीयूवाल्यांशी तुमची ओळख होईलच. एक पानी सामाईक फॉर्म करा, एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर पेशंटचं नाव, फोटो, केस पेपर टाकायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा. आत्महत्येच्या प्रयत्नाच्या केसमध्ये तर अजिबात नाही. आणि यातल्या प्रत्येक पेशंटला मानसोपचारतज्ज्ञ दाखवला की नाही, हाही त्या फॉर्मवर एक रकाना असू द्या.

परवानगीचं लोक उगाच भय घेतात. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची नीतितत्त्वं आणि २०१९ चे औषधं व क्लिनिकल ट्रायलचे नियम एकदा बसून वाचा. तुमच्या रुग्णालयात एथिक्स कमिटी नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या नोंदणीकृत कमिटीकडे करार करून जाता येतं. औषधाची ट्रायल असेल तर ती कमिटी त्याच शहरात किंवा ५० किलोमीटरच्या आत हवी. जुन्या फायलींचा अभ्यास असला तरी 'परवानगी लागत नाही' हे ठरवायचा अधिकार कमिटीचा, आपला नव्हे. ट्रायलची नोंदणी सीटीआरआय या देशाच्या ट्रायल-नोंदवहीत, पहिला पेशंट घेण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होतच नाही. फी नाही. स्टॅटिस्टिक्ससाठी आडगावला किंवा घोटीजवळ धामणगावला मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (सामाजिक वैद्यक) विभागात विचारा, पण डेटा गोळा करून झाल्यावर नव्हे, फॉर्म छापायच्या आधी. नंतर गेलात तर ते फक्त काय बिघडलं तेवढं सांगू शकतात.

वेळेबद्दल तुम्ही सर्वांत जास्त विचारलंय आणि माझ्याकडे सांगण्यासारखं सर्वांत कमी आहे. नोंद ओपीडीतच होते, तिला वेगळा वेळ लागत नाही. विश्लेषणाला आणि लिहायला मात्र लागतो, आणि तो आपोआप मिळत नाही. करारावर सही करण्याआधीच आठवड्यातली एक दुपार मागून घ्या, लेखी. त्या दुपारी तुमच्याऐवजी इमर्जन्सी कोण बघणार त्याचं नावही कागदावर असू द्या, नाहीतर ती दुपार पहिल्याच महिन्यात स्कोपीच्या यादीत विरघळते. खासगीत या दुपारचे पैसे बुडतात. ते घरी आधीच बोलून घ्या. मदतीला एखादा आरएमओ (रुग्णालयातला निवासी डॉक्टर) तयार करा. आपल्याकडे आरएमओ बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात. त्यांच्यात कामाला वाघ असलेली मुलं-मुली असतात ज्यांना आजवर कुणी विचारलेलंच नसतं. काम केलं तर पेपरवर नाव द्या, आभारात नव्हे, लेखकांत.

संमतीचा भाग मला सर्वांत अवघड वाटतो. सुरगाणा-पेठहून आलेला माणूस तुम्ही पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर अंगठा देईल. "डॉक्टर सांगतील ते" ही संमती नाही, तो नाइलाज आहे. उपचार करणाराच जेव्हा अभ्यासात घ्यायला विचारतो तेव्हा 'नाही' म्हणणं पेशंटला जमत नाही, म्हणून संमती मी स्वतः घेत नाही; वॉर्डाबाहेरची सिस्टर किंवा समाजसेविका घेते, आणि 'नाही म्हटलं तरी औषध तेच, डॉक्टर तेच' हे वाक्य आधी बोलते. बागलाण-कळवणकडच्या माणसाशी अहिराणीत बोलणारं कुणी असलं तर फार फरक पडतो. वाचता न येणाऱ्यासाठी त्रयस्थ साक्षीदार लागतो, आणि तो रुग्णालयाचा नोकर नसावा. सिरोसिसमध्ये आणखी एक गुंता : एन्सेफॅलोपॅथीत, म्हणजे लिव्हरमुळे मेंदू गुंगलेल्या अवस्थेत, असलेला पेशंट संमती देऊच शकत नाही. तेव्हा कायद्याने चालणारा नातेवाईक सही करतो, पण पेशंट शुद्धीवर आला की त्याला परत विचारायचं असतं. हे पुन्हा विचारणंच सगळीकडे राहून जातं.

सुरुवातीला छोटं काय घ्यावं, तर मी म्हणेन प्राण्यांची नावं. सूक्ष्म एन्सेफॅलोपॅथी ओळखायला एका मिनिटात जास्तीत जास्त प्राण्यांची नावं सांगायला लावायची, अशी चाचणी इटलीतल्या डॉक्टरांनी मांडलीय. दहापेक्षा कमी आली तर संशय दाट, पंधरापर्यंत नजर ठेवायची. आकडे जोडायच्या चाचणीला अक्षरओळख लागते, हिला लागत नाही, म्हणून आपल्याकडे सोयीची. पण कटऑफ इटलीचे. पेठचा शेतकरी सुरू करतो : गाय, बैल, वासरू, गोऱ्हा, कालवड, म्हैस, रेडा, पारडू. आठ झाले आणि अजून गोठ्यातच आहे. हे आठ मोजायचे की दोन? पक्षी चालतील? मासे? देवाचं वाहन म्हणून सांगितलेला गरुड? हे नियम पहिल्या पेशंटच्या आधी लिहून ठेवायला हवेत, आणि त्याच तालुक्यातल्या, त्याच वयाच्या, लिव्हर धड असलेल्या लोकांत किती येतात ते आधी पाहायला हवं. पेशंटबरोबर आलेले नातेवाईक बाकावर बसलेलेच असतात. स्टॉपवॉच आणि वही एवढाच खर्च, आणि निकाल दुसऱ्या दिवशीच्या ओपीडीत वापरता येतो : लॅक्ट्युलोज द्यायचं का, हा माणूस मोटरसायकल चालवत घरी जाऊ शकतो का.

फॉलोअपचं वेळापत्रक मात्र दिल्लीचं उचलू नका. निफाड-दिंडोरीचा द्राक्षवाला ऑक्टोबर छाटणीत आणि मालाच्या दिवसांत येत नाही, आणि सुरगाण्याचा मजूरही त्याच दिवसांत त्याच्याच बागेत असतो. बरोबर तीन महिन्यांनी बोलावलंत तर निम्मे 'लॉस्ट टू फॉलोअप' दिसतील आणि तुम्ही कारण लिव्हरमध्ये शोधत बसाल. खिडकी मोठी ठेवा आणि फोन नंबर दोन घ्या, एक पेशंटचा, एक गावातल्या किराणा दुकानाचा किंवा आशाताईंचा. पण दुसऱ्या नंबरवर आजाराचं नाव सांगायचं नाही. हिपॅटायटिस बीच्या बाबतीत विशेषतः.

कंपन्यांच्या ट्रायल येतील. चांगल्या असतील तर घ्या, पेशंटला महाग औषध मिळतं आणि कोऑर्डिनेटरचा पगार निघतो. फक्त त्याला आपलं संशोधन समजू नका, तिथे प्रश्न दुसऱ्याचा असतो. पैसे भरा आणि आठवड्यात छापा म्हणणाऱ्या जर्नलांच्या मेलना उत्तरच देऊ नका. चार पेशंटची नीट लिहिलेली मालिका त्यापेक्षा कितीतरी बरी. कोविडच्या काळात काढ्यांबरोबर गुळवेल घेणाऱ्यांत लिव्हरला इजा झालेले सहाच पेशंट मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. वाद खूप झाला, पण देशभरातले डॉक्टर मग आपापल्या फायली उघडून बघायला लागले आणि अनेक केंद्रांचा मोठा अभ्यास पुढच्याच वर्षी आला. त्या सहा जणांना 'घरगुती काही घेता का' हे कुणीतरी नेटाने विचारलं होतं.

आणि एक काम असं आहे ज्याला मुदत आहे. २०२७ चा सिंहस्थ. गोदाकाठी आणि त्र्यंबकला एवढी गर्दी होणार, पाण्यातून पसरणाऱ्या काविळीवर लक्ष ठेवलंच पाहिजे, असं सगळेच म्हणतील. पण हिपॅटायटिस ई उमटायला दोन ते दहा आठवडे लागतात, तोवर यात्रेकरू आपापल्या गावी पोचलेले असतील आणि आपल्या ओपीडीत येतील ते इथलेच रहिवासी. तेव्हा प्रश्न रहिवाशांवरच बेतायला हवा : पंचवटीतली, रामकुंडाभोवतालची, त्र्यंबकची घरं, कुठल्या टाकीचं पाणी, घरात गरोदर बाई आहे का. तुलनेला मेळ्याच्या आधीचं किमान एक वर्ष हवं, म्हणजे काविळीच्या प्रत्येक पेशंटची हिपॅटायटिस ईची आयजीएम (ताजा संसर्ग दाखवणारी) तपासणी आणि पाण्याचा रकाना मेळा सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून. रुजू व्हायची तारीख ठरली की कळवा. फॉर्मचा मसुदा माझ्याकडे आहे, कमिटीपुढे दोघांच्या नावाने नेऊ.